पुसण्याची आज्ञा नाकारताना

माझं काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलमधलं, म्हणजे तिच्या अगदी गाभ्यातलं. साध्या डिस्कला फ्लॅश मेमरीचं सोंग घ्यायला लावायचं, म्हणजे खरी चिप हाताशी नसतानाही तिच्यासाठी लिहिलेले प्रोग्रॅम तपासता येतात. डिस्कवर जुन्या मजकुराच्या जागी नवा सरळ लिहिता येतो. फ्लॅशवर आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, म्हणून नवा मजकूर दुसरीकडे लिहितात आणि जुना बरेच दिवस तसाच पडून राहतो. बदलापूरला घरी बसून मी हे करते.

ताई मोरिवलीजवळच्या एका रंगांच्या कारखान्यात केमिस्ट होती. हातात ग्लोव्हज असायचे, म्हणून रीडिंग्ज छोट्या रेकॉर्डरमध्ये बोलून ठेवायची. ती गेल्यावर वर्षभराने तो भावोजींना कपाटात सापडला. बॅटरी फुगलेली, चालू होईना. ते बदलापूर गावातल्या घरून तो घेऊन माझ्याकडे आले.

"तिचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही गं. बघ काही निघतंय का."

उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या एका मोबाईल दुरुस्तीवाल्या काकांनी चिप सोडवली आणि तिच्यातलं सगळं एका मोठ्या फाइलमध्ये उतरवून दिलं. "बेटा, डेटा तो पूरा आया है," ते म्हणाले, "पर खुलता कुछ नहीं."

खुलणार नव्हतंच. कर्नेलला ती साधी डिस्क वाटत होती आणि आतली मांडणी फ्लॅशची होती. डिस्कला फ्लॅशचं सोंग घ्यायला लावणारा माझा ड्रायव्हर अर्धवट होता; त्याला चिपवरच्या एकेका पानाची लांबी, पानाच्या कडेचे जादा बाइट आणि ब्लॉकचा आकार सांगायची सोय मी जोडली. चौथ्या दिवशी दुपारी ते माउंट झालं, आतल्या फाइली कर्नेलला दिसू लागल्या. लगेच लॉगमध्ये ओळी धावू लागल्या: ब्लॉक पुसला, ब्लॉक पुसला. फाइल सिस्टिम टाकून दिलेला मजकूर साफ करत सुटली होती. माझ्याकडे दुसरी प्रत होती, तरी घाबरून मी कॉम्प्युटरची वायरच ओढली. ताईच्या खोलीत कोणी परकं शिरून आवराआवर करतंय, असं वाटलं.

मग इंटरफेसमध्ये एक पर्याय घातला. पुसण्याची आज्ञा आली की नकार द्यायचा, वाचायला मात्र सगळं मोकळं. दुसरी प्रत त्यावर चालवली.

आधी रीडिंग्ज आली. "दोन नंबर टाकी, बासष्ट डिग्री." मागे पंख्याची घरघर. मग तिने स्वतः पुसून टाकलेली चार रेकॉर्डिंग्ज. चारही एकाच वाक्याने सुरू होत होती, "अहो, ऐका ना, रिपोर्ट आलेत." पहिल्यात ती तिथेच थांबली. दुसऱ्यात हसायला गेली आणि ते जमलं नाही. चौथ्यात सगळं बोलून टाकलं होतं. आजार, डॉक्टर काय म्हणाले, सगळं. मग मी तारीख पाहिली. तिने घरात सांगितलं त्याच्या सात महिने आधीची होती.

रविवारी मी भावोजींकडे गेले. "रीडिंग्ज सगळी मिळाली," मी म्हटलं. "आणि... ताईने पुसलेलंही काही सापडलंय. तुमच्याशी बोललीय त्यात."

मी रीडिंग्जचा पेन ड्राइव्ह पुढे केला, तो त्यांनी हातात घेतला. "तिनंच पुसलं?"

"हो."

"मग नको."

"भावोजी, पण एकदा..."

"नको म्हटलं ना. तू ऐकलंस?"

मी मान डोलावली.

"मग तुझ्याजवळ राहू दे."

ड्रायव्हरमधला हा बदल कर्नेलमध्ये घ्यावा म्हणून पॅच पाठवला, तेव्हा तो तपासणाऱ्याने विचारलं, पुसायला नकार देणारी चिप हवी कुणाला? मी लिहिलं, जुनी प्रत वाचताना बदलू नये म्हणून. त्याला ते पटलं.

भावोजी आता रोज चहा घेताना टाक्यांची तापमानं ऐकतात. मी भाजी चिरत असले, बाल्कनीत कपडे वाळत घालत असले, की अधूनमधून कानाशी ते "अहो, ऐका ना" येतं, आणि मी उगाच मागे वळून बघते. त्यांच्याकडे पाहुणे आले की ते सांगतात, "आम्हाला कळलं ना, तेव्हा तिलाही नुकतंच कळलं होतं."

मी कप गोळा करून आत जाते.