टिंबानंतरचा आकडा

“तुमची लघवीची नळी आतून आकसली आहे. याला युरेथ्रल स्ट्रिक्चर म्हणतात,” भंडाऱ्याच्या दवाखान्यातले सर्जन म्हणाले. “जुन्या जखमेचा वण धरलाय. कुठे पडला होता का?”

मी टेबलावर आडवा होतो. सकाळपासून लघवीचा थेंब उतरला नव्हता. पोट दगडासारखं झालं होतं. साकोलीहून एसटीनं येताना प्रत्येक खड्ड्याला मी समोरच्या सीटचा दांडा आवळत होतो. तरी उत्तर लगेच सुचलं. होय, पडलो होतो.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी वीज खात्यात लाइनमन होतो. आदल्या पावसाळ्यात खांबावरून पाय घसरला आणि खालच्या लोखंडी अँगलवर दोन्ही मांड्यांच्या मधोमध आदळलो. लघवीतून रक्त आलं. आठवडाभर पडून राहिलो, रक्त थांबलं, पुन्हा खांबावर चढलो. पुढे धार बारीक होत गेली. जोर लावावा लागे. हे कोणाला सांगायचं? बायकोलाही सांगितलं नाही. तुमच्यापैकी कोणाची धार अशी बारीक होत असेल तर माझ्यासारखं गप्प बसू नका. सगळं बंद पडेपर्यंत थांबू नका.

कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची रबरी नळी, आत जाईना. शेवटी बेंबीखाली छिद्र पाडून तिथून नळी घातली. पोट रिकामं झालं तेव्हा मी लहान मुलासारखा रडलो. नंतर नळीत औषध सोडून एक्स-रे काढला. मग डायलेटेशन सुरू झालं, म्हणजे गुळगुळीत सळया घालून नळी हळूहळू रुंद करायची. दुखतं. दात आवळून धरावे लागतात. पण धार आली.

सुटी मिळताना हातात कार्ड दिलं. त्यावर इंग्रजीत आजाराचं नाव आणि शेजारी एक नंबर, मध्ये टिंब असलेला. मी त्याच्याकडे बघितलंही नाही.

बघितलं ते आमच्या खात्याच्या डॉक्टरांनी. खांबावरचं काम बंद करून मला सबस्टेशनवर घ्यावं, कामावरची इजा म्हणून नोंद व्हावी, एवढीच माझी मागणी होती. साकोलीच्या ऑफिसात ते टेबलाशी बसले होते. आजूबाजूला आमचीच माणसं. त्यांनी कार्ड बघितलं, नंबरावर बोट ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “हा नंबर इजेचा नाही, संसर्गाचा आहे. असले रोग कुठून लागतात ते मला विचारू नका. सोमवारपासून लाइनवर जा.”

कोणीतरी हसलं. मी खांबावरून पडलो तेव्हा मला उचलणारे हात त्याच खोलीत होते. एकानंही तोंड उघडलं नाही.

त्या दिवशी मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. पोटाला भोक पाडून घेतलेला माणूस समोर उभा आहे, आणि हे त्याचं चारित्र्य एका आकड्यावरून ठरवतात! तपासलं नाही, विचारलं नाही.

बातमी माझ्याआधी घरी पोचली. कौसल्या, माझी बायको, चुलीपाशी बसली होती. तिनं वर बघितलं नाही.

“लोकं काय बोलून राहिले, ते खरं हाये का?”

“तुले बी तसंच वाटते?” मी ओरडलो.

“ओरडता काहून? मी तुमाले विचारलं, लोकायले नाई विचारलं. सांगा.”

मी सगळं सांगितलं. पडल्यापासूनचं, महिनोन्‌महिने लपवलेलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “थे डाक्टर कोणत्या वारी बसते भंडाऱ्याले? मी बी येतो.”

सर्जननी कार्ड हातात घेतलं आणि त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी समजावून सांगितलं ते असं. रोगांच्या नंबरांचं नवं पुस्तक आलं होतं. पूर्वी आकसलेल्या नळीला एकच नंबर असे, कारण कोणतंही असो. नव्या पुस्तकात टिंबानंतर आणखी एक आकडा आला. तो कारण सांगतो, संसर्ग की इजा. त्या दवाखान्यात असे रोगी बहुतेक संसर्गाचे येत, म्हणून नोंद करणाऱ्यानं माझा केसपेपर न वाचताच सवयीनं तोच आकडा लिहिला.

“आणि संसर्ग असता तरी तो तसलाच असतो असं नाही,” ते म्हणाले. “टीबीचाही असू शकतो. चूक आमची आहे. मी सही केली, वाचलं नाही.”

त्यांनी आकडा खोडला, बरोबर लिहिला आणि खाली शब्दांत लिहिलं, उंचावरून पडून झालेली इजा. चूक कबूल करणारा डॉक्टर मी तेवढाच पाहिला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

साकोलीला खात्याच्या डॉक्टरांनी नवं कार्ड वाचलं, फाइलमध्ये ठेवलं. “ठीक आहे. सबस्टेशनवर घेतील. जा,” असं पुटपुटले.

मी वळलो. कौसल्या वळली नाही. एरवी ती ऑफिसच्या पायरीवरही येत नसे.

“साहेब,” ती म्हणाली, “त्या दिवशी मोठ्यानं बोलले होते ना तुमी? मंग आजही मोठ्यानं सांगा. हे सारेच बसले हायेत.”

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. “ही इजा आहे,” ते म्हणाले. “कामावरची इजा.” माफी मात्र मागितली नाही. तो शब्द मी आजवर ऐकलेला नाही.

सबस्टेशनवरचं काम मिळालं. नळी पुन्हा आकसू नये म्हणून अधूनमधून भंडाऱ्याला जाऊन सळई घालून घ्यावी लागते. हा आजार एकदा होऊन संपत नाही, हे मनाशी पक्कं धरा. आणि कार्डावर काय लिहिलं, त्या आकड्याचा अर्थ काय, ते तिथंच उभं राहून विचारा. रांग खोळंबली तर खोळंबू द्या.

परवा भंडाऱ्याच्या दवाखान्यात बाकावर माझ्या शेजारी कोंढा गावचे एक म्हातारे शेतकरी बसले होते. धोतर दोन्ही हातांनी आवळून धरलेलं. कोणी विचारलं की “पोट दुखते” म्हणत आणि मान खाली घालत.

मी मुद्दाम आवाज चढवला. “बाबा, मले लघवीचा त्रास हाये. नळी आकसली. तुमाले काय होते?”

अख्खा बाक आमच्याकडे बघायला लागला. म्हाताऱ्यांनी इकडंतिकडं पाहिलं, धोतरावरची मूठ सैल केली.

“अंडाशी सूज हाये, बापू,” ते म्हणाले. “दोन सालं झाली. कोणाले सांगतलं नाई.”

“मंग आता सांगा,” मी म्हणालो आणि त्यांना सांगायला माझ्याजवळ सरकवून घेतलं.