सात-दहाचा थांबा

त्या छोट्या स्टेशनच्या मास्तरांना सगळे 'मिनिटमास्तर' म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. गाडीची चाकं पुरती थांबली, की मगच ते वहीत वेळ लिहीत. पुढच्या स्टेशनचे मास्तर गाडी यायच्या आधीच वेळापत्रकातली वेळ उतरवून चहा प्यायला मोकळे! आमच्या मास्तरांना ते जमायचं नाही. उशीर झाला की शेजारी लाल शाईत कारण: 'मालगाडीसाठी पुलाअलीकडे अकरा मिनिटं उभी.' सकाळच्या सात-दहाच्या गाडीपुढे त्यांनी नऊ वर्षं हे लिहिलं. वाचलं कोणी? कोण वाचतंय!

मग सरकारने फर्मान काढलं. शंभरातल्या पंच्याण्णव गाड्या वेळेवर हव्यात, आणि वेळ प्रत्येक थांब्यावर मोजली जाईल. मुख्य कार्यालयाची झोप उडाली. एके दुपारी मास्तरांना फोन आला, तो त्यांच्या चेल्याचा. नोकरीला लागला तेव्हा त्याला सिग्नलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. दोन वर्षं मास्तरांच्याच घरी राहिला, जेवला, शिकला. आता वेळापत्रकाचा साहेब झाला होता.

"मास्तर, बाकीच्यांच्या नोंदींवर माझा काडीचा विश्वास नाही. तुमच्या वह्या पाठवा."

"सगळ्या?"

"सगळ्या. सात-दहाचं दुखणं या वेळी कायमचं घालवतो."

मास्तर हरखले. वह्या बांधताना सुनेला म्हणाले, "बघ, आता मालगाडी थांबेल आणि तुमची गाडी पुढे निघेल." सून शहरातल्या इस्पितळात नर्स होती. याच गाडीपायी उशिराचे तीन शेरे तिच्या नावावर लागले होते. चौथ्याला घरी बसवणार होते.

तीन महिन्यांनी नवं वेळापत्रक आलं. मालगाडी होती तिथेच होती. सात-दहाही होती. फक्त मास्तरांच्या स्टेशनपुढे आडवी रेघ होती. पुढच्या स्टेशनचा थांबा मात्र शाबूत. तिथे कागदोपत्री गाडीला कधी उशीर झालाच नव्हता.

"अरे, आमचा थांबाच काढलास?" मास्तरांनी फोनवर विचारलं.

"समजून घ्या, मास्तर. उशिराच्या सगळ्यात जास्त नोंदी तुमच्याकडच्या. गाडी थांबलीच नाही, तर उशीर मोजणार कुठे? आमची टक्केवारी जमली."

"पण मी कारण लिहिलं होतं रे!"

"कारणाला रकाना नाही, मास्तर."

ज्याला घरचं मूल मानलं, त्याने त्यांच्याच खरेपणाने त्यांचा गळा कापला होता. त्याच्यावरच्या रागाहून मास्तरांना आपल्या हरखण्याची लाज जास्त वाटली.

पहिल्या दिवशी चाळीसएक माणसं तरीही फलाटावर आली. विश्वास कोणाचाच बसला नव्हता. गाडी पुलाअलीकडे नेहमीप्रमाणे खोळंबली आणि मग सगळ्यांसमोरून धडधडत निघून गेली. सून डबा घेऊन मास्तरांच्या खोलीच्या दारात आली.

"बाबा, पुढच्या मास्तरांनी खोटं लिहिलं म्हणून त्यांचा थांबा राहिला ना?"

"हो."

"मग आमच्यासाठी तरी थोडं खोटं लिहायचंत."

ती इस्पितळाला फोन लावायला बाहेर गेली. मास्तर खुर्चीत बसून राहिले. लिहायला हवं होतं, असं त्यांना उभ्या आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.