बाईंच्या अक्षरातले दाखले

दौलतगंजातल्या छोट्या मराठी शाळेत शिक्षक दोनच: हेडमास्तर सदाशिवराव आणि कुमुदिनीबाई. सदाशिवरावांचा हात कापायचा, म्हणून शाळेचा कागद न् कागद बाई लिहीत आणि खाली ते फक्त सही करत. शाळा सोडल्याचा दाखला असला की बाईंचं अक्षर आणखी खुलायचं. पोर कितीही द्वाड असो, शेवटी शेरा ठरलेला: ‘वर्तणूक उत्तम.’

छप्पन साली मध्यभारत राज्य मध्यप्रदेशात विलीन झालं, इथली राजधानी भोपाळला गेली आणि तिच्यामागोमाग कारकुनांची बिऱ्हाडंही. त्यात हुकूम आला: महिनाअखेर मोजदाद. चाळीस मुलं भरली तर दोन शिक्षक; एक जरी कमी पडलं तर धाकट्याची बदली. धाकट्या म्हणजे बाईच, चौदा वर्षं घासूनसुद्धा! राजाने मारलं तर तक्रार कुणाकडे करायची म्हणतात; इथे तर राजाही उरला नव्हता. बदली म्हणजे दूर भिंडकडचं खेडं, आणि बाईंची म्हातारी आई काही गल्ली सोडायला तयार नव्हती.

पटावर बरोबर चाळीस होती. मोजदादीला चार दिवस उरले असताना सचिवालयातले जगदेवराव आपल्या लेकीला, पद्माला, घेऊन आले.

“बाई, परवा रवाना व्हायचंय. भोपाळच्या शाळेत एकच जागा खाली आहे. दाखला नेला तरच मिळेल.”

सदाशिवरावांनी बाईंना बाजूला घेतलं. “दाखल्यांची वही सापडत नाही म्हणा. चार दिवसांचा तर प्रश्न आहे. आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेता?”

बाईंच्या मनात आलं नाही असं नाही. वही त्यांच्याच कुलपात होती. पण पोरीचं वर्ष बुडवून आपली खुर्ची राखायची, हे काही त्यांना जमेना. त्यांनी दौत उघडली.

“बाई, मी वापस आले की तुमच्याच वर्गात बसेन हां,” पद्मा म्हणाली.

“बस हो,” बाई म्हणाल्या आणि शेरा लिहिला.

मोजदादीत एकोणचाळीस भरली. आठवड्याभरात बदलीचा हुकूम आला. आता बाईंना शाळेतून मोकळं केल्याचा कागद हवा होता. तो लिहिणार कोण? बाईंनीच लिहिला, नेहमीच्या सुबक अक्षरात, आणि सहीसाठी पुढे ठेवला.

सदाशिवरावांनी सही केली, पण टाक खाली ठेवला नाही. कापऱ्या हाताने, दोन ठिकाणी शाई सांडत, त्यांनी सहीच्या वर दोन शब्द लिहिले: ‘वर्तणूक उत्तम.’

चौदा वर्षांत तेवढाच एक शेरा बाईंच्या अक्षरात नव्हता. तो वाचला आणि इतके दिवस आवरून धरलेलं रडू त्यांना आवरेना.