नॅट, प्रॉक्सी आणि संगमेशचं लगीन

वायर नीट गुंडाळून पेटीत ठेवा, महिन्यानं काढा, गाठी पडलेल्याच असतात. कोण पाडतं देव जाणे! ऑफिसातल्या किश्श्यांचंही तसंच आहे. बिदरला नौबादमधल्या एका खाजगी कॉलेजात मी नेटवर्क सांभाळतो. कागदोपत्री माझं काम इंटरनेट चालू ठेवणं. खरं काम म्हणजे ते का बंद पडलं याची उत्तरं देत फिरणं.

त्या वर्षी आमच्यापुढं दोन प्रश्न एकदम आले. ऑफिसला इंटरनेट नॅटनं द्यायचं की प्रॉक्सी सर्व्हरनं, हा एक. आणि आमच्या लायब्रेरियन संगमेशचं लग्न जमणार की नाही, हा दुसरा. संगमेश गुणी माणूस, पण 'शांतता राखा' या पाटीखाली बसून बसून स्वतःच पाटी झालेला. मुलगी बघायला गेला की तोंडच उघडायचा नाही. चांगली चांगली स्थळं हातची गेली. आम्हा सगळ्यांचा जीव तुटायचा त्याच्यासाठी.

*

पहिल्या प्रश्नावर मीटिंग झाली. संस्थेचे चेअरमन अप्पा खुर्चीत बसलेले. मी सोपं करून सांगितलं, "नॅट म्हणजे ज्यानं त्यानं स्वतः बाहेर जायचं, पण गेटवर सगळ्यांनी एकच नाव सांगायचं, कॉलेजचं. प्रॉक्सी म्हणजे कुणी बाहेर जायचंच नाही. आपल्या मारुती शिपायाला सांगायचं, तो जाऊन आणणार. नको ते मागितलं तर आणणार नाही."

अप्पा दचकले. "मारुतीला? त्येला चहा सांगावं तर भजी घेऊन येतंय!"

प्रिन्सिपॉल मॅडम वेगळ्याच कारणानं भडकल्या. "प्रॉक्सी हजेरी लावली म्हणून परवाच पोरांच्या आई-बापाला बोलावलाव. आता हापिसातच प्रॉक्सी बसवायलाव का?"

"मग नॅटच लावू," मी म्हणालो.

"कामून?" अप्पा ओरडले. "चांगल्या चाललेल्या कामाला नाट लावायलास व्हय?"

शेवटी ठरलं, दोन्ही लावून बघायचं. मग अप्पा निकाल देणार.

*

आधी प्रॉक्सी बसवली. नको त्या साइट बंद केल्या आणि तिथं दिसेल अशी एक ओळ मीच हौसेनं लिहिली: 'हे तुमच्या कामाचं नाही.'

दुपारी संगमेश माझ्याकडं आला. चेहरा उतरलेला. लग्न जुळवायची साइट उघडली होती बिचाऱ्यानं!

"सर," तो हळूच म्हणाला, "मशीनला बी कळालं व्हय?"

ती साइट तेवढी मी ताबडतोब खुली केली.

*

प्रॉक्सीची एक खोड असते. एकदा आणलेलं पान ती जपून ठेवते आणि पुन्हा मागितलं की तेच पुढं करते. आमची बसवताना माझ्याकडून काहीतरी चुकलं असणार, कारण ती शिळं तेच वाढत होती.

आमचे अकाउंटंट बिराजदार सर बिदर जिल्ह्यातल्याच मेहकरचे. रोज कॉम्प्युटरवर गुलबर्ग्याचा तुरीचा भाव बघायचे आणि गावाकडं फोन लावायचे, "भाव हालंना झालाय. थांबा, इकू नका."

भाव कसा हालणार? आठवडाभर पान एकच! इकडं बाजारात मात्र तूर चढत चालली होती. पुढं सरांच्या सांगण्यावरून थांबलेल्या गाववाल्यांनी ती चढ्या भावात विकली आणि सरांना बोलावून शाल-श्रीफळ दिलं. सत्काराला उत्तर देताना सर म्हणाले, "ह्याला अभ्यास लागतोय!"

मी पेढा खाल्ला.

*

मग आला नॅट. सगळं खुलं, सगळे खूश. त्याच आठवड्यात एका वेबसाइटवर 'तुमचं आवडतं कॉलेज' म्हणून मतदान निघालं. अप्पांनी फर्मान काढलं, झाडून सगळ्यांनी मत द्यायचं.

मॅडमनी बटण दाबलं. उत्तर आलं, 'तुमचं मत आधीच नोंदलं आहे.' बिराजदार सरांनी दाबलं, तेच. नॅटमुळं बाहेरच्या जगाला आम्ही सगळे मिळून एकच माणूस दिसत होतो, आणि त्या साइटचा नियम होता एका पत्त्याला एक मत!

"मग दिलं कुणी?" अप्पांनी विचारलं.

मारुतीनं हात वर केला. सकाळी झाडू मारता मारता त्यानं ते काम उरकलं होतं. "आपल्या कॉलेजला न्हाई दिलो, अप्पा. बाजूच्याला दिलो. त्येंच्या गॅदरिंगला जेवण लई झ्याक असतंय!"

नॅट त्याच दिवशी निघाला, प्रॉक्सी परत आली.

*

आणि अशात संगमेशला स्थळ आलं. गुलबर्ग्याची गौरी, शाळेत शिक्षिका. तिच्या वडिलांनी निरोप धाडला, "आधी व्हिडिओवर बघू. पोराचं हापिस बी दिसंल."

आमच्या जाड भिंतींत मोबाइलला रेंज नाही, आणि प्रॉक्सीतून व्हिडिओ पुढं जाईना. मी अप्पांना तसं सांगितलं. अप्पा एका दमात म्हणाले, "काढ ती प्रॉक्सी! पोराचं लगीन महत्त्वाचं. नाट तर नाट!"

संगमेश नवा शर्ट घालून कॅमेऱ्यापुढं बसला. कपाळावर घाम. टेबलाच्या आड, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे, अप्पा उकिडवे बसले. "घाबरू नको. मी सांगतोय तसंच बोल."

पडद्यावर गौरी आणि तिचे वडील आले. वडिलांनी विचारलं, "गावाकडं शेती हाय का?"

अप्पा कुजबुजले, "हाय, विहीर बी हाय."

संगमेश म्हणाला, "हाय, विहीर बी हाय."

"घरी कोण कोण असतंय?"

"आई, अन् थोरला भाऊ," खालून आलं. "आई, अन् थोरला भाऊ," वर गेलं. आम्ही दाराआडून श्वास रोखून ऐकत होतो. गाडी रुळावर होती!

मग गौरी स्वतः बोलली. "लग्न झाल्यावर बी मी नोकरी सोडणार न्हाई. चालंल का तुम्हाला?"

अप्पांनी क्षणाचाही विचार केला नाही. "व्हय म्हण!"

संगमेशनं मान वर केली, सरळ कॅमेऱ्यात बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "व्हय म्हण!"

अप्पांनी कपाळाला हात लावला. गौरीनं एकदा वडिलांकडं बघितलं, एकदा संगमेशकडं. ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबलं.

"व्हय," ती म्हणाली.