पाचवं पातं

डांबरगोळीचा वास आला की दहा वर्षांमागची ती दुपार उभी राहते. माझ्या बायकोनं, हौसानं, पेटीतून तिच्या बापाचा विमानापुढं उभा असलेला शेवटचा फोटो काढलेला. तो दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत विमानाचा मिस्त्री होता, परत आलाच नाही. आपण जन्मलो तेव्हा तो जिवंत होता का, एवढंच तिला जन्मभर जाणून घ्यायचं होतं. शेजारच्या म्हाताऱ्या फौजीनं खूण सांगितलेली. त्या विमानाचे दोन प्रकार, दिसायला सारखेच. नाकावरच्या पंख्याला चार पाती असली तर जुनं, तिच्या जन्माआधीचं; पाच असली तर लढाईच्या शेवटच्या सालातलं, म्हणजे हौसा जन्मल्यावरचं.

तिला मोतीबिंदू. "अवो, भिंग लावून बघा की नीट."

"चार हायत. च्या ठेव आधी."

"म्हंजे मी झाल्याचं त्याला कळलंच न्हाय," म्हणत ती उठली.

शिरोलीच्या कारखान्यात चाळीस वर्षं ओतकामातली केसाएवढी भेग धरली मी, पण त्या दिवशी भिंग हातातसुद्धा घेतलं नाही.

पहाटे ती झोपेतच गेली.

सकाळी पावणं जमायच्या आधी मी भिंग लावलं. सासऱ्याच्या खांद्यामागून पाचव्या पात्याचं टोक वर आलेलं. तिच्या कानाला तोंड लावून म्हणालो, "हौसा, पाच हायत गं." दोनदा म्हणालो. कान गार होता.