‘मधली’ लिहायची का थांबली

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. नवऱ्याजवळसुद्धा नाही, आणि त्याच्याजवळ मी बाकी सगळं बोलते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही — मग उगाच कशाला देऊ?

दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. मी नाशिकला विम्याच्या एका कचेरीत होते आणि आम्ही राहायला एकलहऱ्याला. नवरा तिथल्या वीज केंद्रात, पाळीची नोकरी. त्याची दुपारपाळी असली की संध्याकाळ माझी एकटीची. मुलासाठी घेतलेला कॉम्प्युटर तो पुण्याला शिकायला गेल्यावर माझ्या वाट्याला आला होता. मराठी ब्लॉग तेव्हा नवे होते. असंच काही वाचता वाचता एक दिवस मला ‘मधली’ सापडली.

ती स्वतःचं नाव सांगायची नाही. ‘मी मधली जाऊ’, बस. एकत्र कुटुंब, द्राक्षांचा व्यापार, घरामागे पॅकहाउस आणि कोल्ड स्टोरेज. सासूबाई चहा पांचट झाला की सुनांवर न चिडता सरकारवर कशा चिडतात, हंगामात पेट्या भरायला येणाऱ्या मुलींचे हात कोणत्या गाण्यावर जास्त भराभर चालतात — असलं काहीतरी लिहायची. थोडंसंच. लाइट असेल तसं. त्यामुळे तिच्या गावातल्या लोडशेडिंगच्या वेळा आम्हा वाचणाऱ्यांना पाठ झाल्या होत्या. सोलापूरचे एक निवृत्त मास्तर होते, दुबईतला एक हिशेबनीस मुलगा होता, अमेरिकेत लेकाकडे राहणाऱ्या एक आजी होत्या. चार दिवस नवीन काही आलं नाही की मास्तर खाली लिहायचे, ‘मधलीताई, बऱ्या आहात ना?’ तिच्या मुलीला खोकला झाला तेव्हा आजींनी तिकडून काढ्याची कृती पाठवली, वर ‘गूळ जुना घ्या’ अशी ताकीद. कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. तरी तिच्यावर सगळ्यांचा जीव होता.

माझाही होता. हे आत्ताच सांगून ठेवते, पुढचं ऐकल्यावर तुम्हाला ते खरं वाटणार नाही.

ती आमच्याच बाजूची आहे, हे मी तिच्या लिहिण्यातून ओळखलं. मेल केली. पंधरवड्याने उत्तर आलं, मग येतच राहिलं. तिचं नाव वैशाली. पिंपळगाव बसवंतची. मुलीच्या दातांना तारा लावल्या होत्या, त्यासाठी तिला नाशिकला डॉक्टरकडे यावं लागायचं. तिथेच, दवाखान्याच्या बाकावर, आम्ही पहिल्यांदा भेटलो. बारीक चणीची, पदर सारखा नीट करणारी, बोलताना दाराकडे बघणारी. लिहिण्यातली ती मोकळीढाकळी बाई हीच का, असं मला वाटून गेलं. मुलगी आत खुर्चीत होती तेवढ्यात तिने मला एकच गोष्ट सांगितली.

“ताई, कुठे बोलू नका. घरात फक्त पूनमला माहीत आहे. मराठी टाइप करायला तिनेच शिकवलं मला.”

पूनम म्हणजे तिची धाकटी जाऊ. कॉम्प्युटर शिकलेली, तेविशीतली पोरगी. सासूबाई झोपल्या की या दोघी दार लोटून घ्यायच्या आणि एक सांगायची, एक टाइप करायची. वैशालीला बहीण नव्हती. ‘पूनम आली आणि मला बहीण मिळाली,’ असं तिने लिहिलंही होतं.

मी म्हटलं, “वेडी का तू? मी कुणाला सांगणार?”

त्या भेटीनंतर मी काय केलं माहीत आहे? घरी येऊन ब्लॉगखाली लिहिलं, ‘आज मधलीला भेटले.’ नाव नाही, गाव नाही, पण भेटले. आणि सगळे माझ्याभोवती जमले! कशी आहे? आवाज कसा आहे? तब्येत बरी आहे ना? मला ‘नाशिकच्या ताई’ म्हणू लागले. आजींनी तिच्यासाठी शाल पाठवली, ती माझ्या पत्त्यावर. तिच्यावरचं प्रेम आता माझ्या हातून तिच्याकडे जायचं, आणि जाता जाता थोडं माझ्या हाताला लागायचं. मला ते आवडायला लागलं होतं. ऑफिसात मला कोण विचारत होतं?

आता थोरल्या जावेबद्दल सांगायला हवं. सुमनताई. घरातली मोठी सून, लग्नाला वीसेक वर्षं झालेली, मूल नाही. सगळ्यांची मुलं तिनेच न्हाऊ-माखू घातलेली. पूनमला मुलगा झाला, त्याच्या बारशाला सुमनताईंनीच पाळणा म्हटला, घुगऱ्या वाटल्या, बायकांच्या ओट्या भरल्या. आणि दुपारी सगळं आवरल्यावर वैशाली काही आणायला कोल्ड स्टोरेजकडे गेली, तर आत सुमनताई क्रेटवर बसून रडत होत्या. त्या जाड दारातून बाहेर आवाज जात नाही. वैशाली तशीच मागे फिरली. थोड्या वेळाने सुमनताई बाहेर आल्या, डोळे लाल, आणि म्हणाल्या, “लय गार हाय गं आत.” वैशालीने ते लिहिलं. तिने आजवर लिहिलेलं सगळ्यात सुंदर. मास्तरांनी लिहिलं की वाचून आज जेवण गेलं नाही.

मी लांबण लावते आहे, कळतं मला.

त्याच वर्षी ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या मुलीचं लग्न पिंपळगावला होतं, हायवेवरच्या एका लॉन्समध्ये. मी गेले. वैशालीला कळवलं नाही — चारचौघांत ओळख दाखवायची नाही, असं आमचं ठरलेलंच होतं. ती नव्हतीच आलेली, मुलीची परीक्षा होती. जेवायला बसले तर मैत्रिणीने शेजारच्या बाईंशी गाठ घालून दिली. आडनाव ऐकलं, कोल्ड स्टोरेजचं ऐकलं, आणि मी बघतच राहिले. सुमनताई! जिच्याबद्दल मी वर्षभर वाचत होते, ती माझ्या शेजारी जिलबी बाजूला सारून आधी भात कालवत होती. अगदी लिहिलं होतं तशीच.

खूप प्रेमळ बाई. माझ्या पानात काय हवं-नको बघत होत्या. घरच्या गोष्टी निघाल्या. मीच काढल्या. जावा किती, कशा, असं विचारलं. म्हणाल्या, “मधली लय गुणाची. पण घुमी हो. घरात चार शब्द बोलायची नाय. कसं व्हायचं तिचं!”

घुमी! माझ्या मधलीला घुमी?

गप्प बसता आलं असतं. हसून ‘असतो एकेकाचा स्वभाव’ म्हणता आलं असतं. मी म्हणाले, “तुम्हाला माहीत नाही ती कोण आहे ते.” आणि सांगितलं. ब्लॉग म्हणजे काय ते सांगितलं, देशोदेशीची माणसं तिच्यासाठी कशी थांबतात ते सांगितलं, शाल सांगितली. सुमनताई ऐकत होत्या, चेहरा कौतुकाचा. तिथे थांबले असते तरी कदाचित निभावलं असतं. पण मला आणखी सांगायचं होतं. त्यांनाही त्या गोष्टीत जागा आहे, हे मला त्यांना द्यायचं होतं — निदान तेव्हा मला तसं वाटलं.

“आणि तुमच्यावर लिहिलंय ते तर... कोल्ड स्टोरेजमधलं... लोक रडले हो वाचून.”

त्यांचा हात थांबला. “काय कोल्ड स्टोरेजमधलं?”

त्या क्षणी मला कळलं. खरंच कळलं, बोलण्याच्या भरात निसटलं असं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर ते स्वच्छ दिसत होतं. तरीही मी सांगितलं. बारसं, क्रेट, लाल डोळे, सगळं. का? ऐकणारं माणूस समोर होतं आणि सांगणारी मी होते, म्हणून. दुसरं काही नाही.

सुमनताईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग वाढप्याला हाक मारली आणि मला म्हणाल्या, “मठ्ठा घ्या ना थोडा.”

त्याच आठवड्यात ब्लॉग गेला. पान सापडत नाही, एवढंच यायचं. मास्तरांची मेल आली, दुबईहून आली, आजींची तर रोज यायची. आणि मग वैशालीचा फोन. आवाज बसलेला. घरात सगळ्यांना कळलं होतं. सासूबाईंनी कॉम्प्युटर उचलून माळ्यावर टाकायला लावला, पण तिला त्याचं काही नव्हतं. सुमनताई तिच्याशी बोलत नव्हत्या, त्याचं होतं. कुणी सांगितलं तेही सांगत नव्हत्या. ‘कोणी का सांगेना, तू लिवलं का नाय ते सांग,’ एवढंच विचारलं होतं त्यांनी.

“पूनमनेच सांगितलं, ताई,” वैशाली म्हणाली. “दुसरं कोण? घरात तिला माहीत, बाहेर तुम्हाला. तुम्ही तर आमच्याकडच्या कोणाला ओळखतही नाही. ती रडते, बाळाच्या शपथा घेते. बाळाच्या! इतकं खोटं बोलवतं कसं माणसाला?”

मी फोन धरून उभी होते. बोलायला किती वेळ लागला असता? ‘मी त्या लग्नाला आले होते’ — एवढं म्हटलं असतं तरी पुढचं तिने ओळखलं असतं.

मी म्हणाले, “लहान आहे गं ती. निघालं असेल तोंडून. माफ करून टाक.”

हे आहे ते. पंगतीत केलं ते एक वेळ वाईट म्हणा, मूर्खपणा म्हणा. पण हे मी ठरवून, शांत आवाजात, मोठ्या बहिणीसारखं केलं. पूनमवर शिक्का मीच मारला, आणि वरून तिला क्षमाही मीच मिळवून दिली. वैशालीने माफ केलं नाही. पुढच्या वर्षी पूनमच्या नवऱ्याने वेगळं बिऱ्हाड केलं, नाशिकला फ्लॅट घेतला. मास्तरांना आणि आजींना मी कळवलं, की मधली सुखरूप आहे, घरच्या अडचणी आहेत, वाट बघू या. त्यांनी माझे आभार मानले. आजींनी तर लिहिलं, ‘तुम्ही आहात म्हणून तिची काळजी वाटत नाही.’

काही वर्षांनी पूनम मला एकदा दिसली. पॉलिसीवरचा पत्ता बदलायला माझ्याच टेबलाशी आली होती, सोबत शाळेच्या गणवेशातला मुलगा. आडनाव वाचलं, जुना पत्ता वाचला. ती मला ओळखत नव्हती. तरी मी विचारलं, “पिंपळगावच्या का तुम्ही?”

“होतो,” ती म्हणाली.

मुलाने विचारलं, “आई, तिथे कोण राहतं?” तिने त्याला गप्प राहायला सांगितलं. मी कागद तपासले, शिक्का मारला, सही कुठे करायची ते दाखवलं. तिने केली, ‘थँक यू मॅडम’ म्हणाली आणि गेली. मागे रांग फारशी नव्हती. मी हाक मारू शकले असते.

सुमनताई आता नाहीत. शेवटच्या आजारात वैशालीनेच त्यांचं सगळं केलं. त्या कधी बोलू लागल्या की नाही, हे मी विचारलेलं नाही. त्यांनी माझं नाव घरात शेवटपर्यंत का घेतलं नसेल, हेही मला माहीत नाही. वैशालीने पुन्हा काही लिहिलं नाही. संक्रांतीला तिचा फोन येतो, अजून. मुलीचं सांगते, गुडघ्यांचं सांगते. बोलता बोलता पूनमचा विषय निघतोच. ‘घरात साप पाळला होता मी,’ म्हणते. मी ‘हं’ म्हणते. गेल्या संक्रांतीलाही म्हटलं.

पूनमने कुणाला काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं.