अंगणात सरळ, शेतात तिरपं

मुलांनो, तुमच्या आजोबांचा जुना पिकअप तुम्ही फक्त फोटोत पाहिला आहे. नव्वदीच्या शेवटी ते पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवरून दूध गोळा करून रोज महाडला नेत. एका पावसाळ्यात त्यांना लांबलेला ताप आला. त्यातून उठले, पण डाव्या हातात पूर्वीचा जोर राहिला नाही. त्याच सुमारास गाडी उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या ट्रकांच्या अंगावर ओढू लागली. घरात सगळ्यांनी एकच अर्थ काढला: डावा हात कमी पडतो. यांनीही तोच काढला होता, फक्त बोलत नव्हते. दूध काय, कोणीही नेलं असतं; गाडी सुटली तर हा माणूस ओटीवर बसून राहणार, याची मला धास्ती होती.

धाकटे दीर महाडच्या औद्योगिक वसाहतीत फिटर होते. दिवाळीनंतरच्या एका रविवारी त्यांनी गाडी अंगणात उभी करून पुढच्या डाव्या चाकाला गवंड्याचा ओळंबा लावला. दोरी वर-खाली सारखी टेकली.

"कॅम्बर, म्हंजे चाकाचा कल, बरोबर हाय, दादा. चाक सरळ हाय."

"मग?"

"मग काय, स्टिअरिंगमागचा पार्ट जुना झालाय," यांच्या डाव्या हाताकडे बघत दीर म्हणाले.

हे हसले, पण चहा तसाच ठेवून आत गेले. संध्याकाळपर्यंत दिरांनी एक ड्रायव्हरही ठरवून टाकला.

सोमवारी सकाळी मी सडा टाकत होते. पाणी गाडीखालून सरळ डावीकडे वाहत गेलं. आमच्याकडच्या पावसात सपाट अंगण कोणी करत नाही. उतार ठेवावाच लागतो. गाडीच डावीकडे झुकली असेल, तर आत कललेलं चाक सरळ दिसणारच. दुपारी दीर पाळी संपवून आले, तेव्हा त्यांना हे सांगितलं.

"खरं हाय, वहिनी. पण सपाट जागा आणू कुठनं? सगळा डोंगर हाय."

मी रस्त्यालगतचं आमचं खाचर दाखवलं. भात कापून झालं होतं, जमीन टणक वाळली होती. जिथे पाणी चारी कोपऱ्यांत सारखं उभं राहतं, ती जमीन सपाटच असते.

तिथे दोरी चाकाला खाली टेकली आणि वर बोटभर फट राहिली. टायरची आतली कडही झिजून गुळगुळीत झालेली निघाली. मग फळीवर जॅक ठेवून दिरांनी चाक उचललं, वर-खाली धरून हलवलं. आतून कटकट आवाज आला.

"चाकाला वरून धरणाऱ्या आर्मचे रबरी बुश झिजून गेलेत. दादा, हा आवाज तुझ्या खांद्यातला नाय."

"सरक रे," म्हणून हे स्वतः बसले आणि चाक हलवत राहिले. उजव्या हाताने, मग डाव्या हाताने.

"अहो, पुरे. जॅकवरून पडेल गाडी," मी म्हटलं.

नवे बुश महाडला बसवले आणि गाडीचं ओढणं थांबलं. डावा हात पुढेही थोडा अधूच राहिला. बरण्यांची झाकणं मीच उघडत असे. ठरवलेला ड्रायव्हर पिशवी घेऊन आला, तेव्हा त्याला पोहे दिले, आणि पोलादपूरच्या स्टँडवर परत सोडायला हे स्वतः गाडी घेऊन गेले.